अँपिअर तेवढेच, बादली रिकामी : हीट पंप ड्रायरमधल्या कॉम्प्रेसरचं एक प्रकरण

तीन महिन्यांत दुसरा कॉम्प्रेसर बसवला होता आणि तोही पहिल्यासारखाच वागत होता. माल आत गेला की पहिले सात-आठ तास मशीन सुरळीत चालायचं. मग डिस्चार्ज पाइप, म्हणजे कॉम्प्रेसरमधून दाबलेला गॅस बाहेर नेणारा पाइप, तापू लागायचा. शेवटच्या पाच-सहा तासांत डिस्चार्ज थर्मोस्टॅट ११० अंशांना मशीन बंद पाडायचा, थंड झालं की ते पुन्हा सुरू व्हायचं आणि पुन्हा बंद पडायचं. एका बॅचच्या शेपटाला आठ-नऊ वेळा. पहिल्या कॉम्प्रेसरच्या वेळी निदान झालं होतं, "व्हॉल्व्ह गेले." दुसऱ्याच्या वेळी कोणीतरी म्हणालं, "गॅसच चुकीचा आहे." मला बोलावलं ते गॅस बदलायचा की नाही, हे ठरवायला.

मशीन असं होतं. औषधी पानं वाळवायचा बंदिस्त ट्रे ड्रायर. आत हवा गोल फिरते, बाहेर जात नाही. ट्रेवरून परत आलेली दमट हवा दोन वाटांनी जाते. एक पंचमांश हवा थंड कॉइलवरून, म्हणजे इव्हॅपोरेटरवरून जाते आणि तिथे तिच्यातलं पाणी गळून ड्रेनला लागतं. उरलेली बायपासमधून थेट पुढे येते. दोन्ही एकत्र होऊन कंडेन्सरवरून, म्हणजे गरम कॉइलवरून, तापतात आणि पुन्हा ट्रेवर जातात. दोन्ही कॉइलमधून फिरणारा गॅस आर-१३४ए. कॉम्प्रेसर सेमी-हर्मेटिक (मोटर आतच, पण उघडता येणारा), पिस्टनचा, ताशी ३० घनमीटर विस्थापनाचा. पानांना ५० अंशांच्या वरची हवा नको, नाहीतर रंग जातो.

कंडेन्सरला जोडून बाहेरच्या बाजूला आणखी एक छोटा कंडेन्सर होता. त्याच्या पंख्यावर धूळ साचली होती आणि त्याकडे जाणाऱ्या पाइपवरचा व्हॉल्व्ह हाताने बंद केलेला होता. हे पहिल्याच दिवशी दिसलं, पण मी त्याला महत्त्व दिलं नाही. त्याबद्दल पुढे.

पहिल्या बॅचला मी फक्त मोजलं. कशालाच हात लावला नाही. गेज, डिस्चार्ज आणि सक्शन (कॉम्प्रेसरमध्ये गॅस आत नेणाऱ्या) पाइपला चिकटवलेले तापमापक, परतीच्या हवेचं तापमान आणि आर्द्रता, कॉइलवरच्या हवेचा वेग, कॉम्प्रेसरच्या लाइनवर स्वतंत्र वीज मीटर आणि ड्रेनखाली दहा लिटरची बादली, घड्याळासह. ही बादली या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं उपकरण ठरली. मोठ्या ड्रायरांवर पन्नास संवेदक बसवलेले मी पाहिले आहेत, पण ड्रेनचं पाणी मोजणारे फार थोडे.

बॅचच्या सुरुवातीला, पानं ओलीचिंब असताना, परतीची हवा ४० अंशांची आणि ७५ टक्के आर्द्रतेची होती. सक्शन गेजवर ३.९ बार, म्हणजे गॅस १५ अंशांना उकळतोय. डिस्चार्जला १३.९ बार, म्हणजे ५५ अंशांना द्रव होतोय. डिस्चार्ज पाइप ७४ अंश. वीज ५.८ किलोवॅट. बादली २४ मिनिटांत भरत होती. तासाला जवळपास २५ किलो पाणी.

शेपटाला परतीची हवा ५७ अंशांची, आर्द्रता ११ टक्के. सक्शन १.९ बार, म्हणजे शून्य अंश. डिस्चार्ज १७.९ बार, म्हणजे ६५ अंश. डिस्चार्ज पाइप १०९ अंश आणि थर्मोस्टॅट तोंडाशी. वीज ५.७ किलोवॅट. बादली भरायला तीन तासांहून जास्त, तासाला ३.२ किलो.

वीज ५.८ आणि ५.७. पाणी २५ आणि ३.२. दोन महिने सगळ्यांनी क्लॅम्प मीटर लावून अँपिअर पाहिले होते आणि "करंट नॉर्मल आहे" असं लिहून ठेवलं होतं. करंट खरोखरच नॉर्मल होता. कमी गॅस ढकलायचा, पण प्रत्येक किलो जास्त उंच चढवायचा, असा हिशोब जुळून बेरीज तेवढीच राहत होती.

कॉम्प्रेसर दोषी आहे का

आधी हे निकालात काढायला हवं होतं. सक्शनचा सर्व्हिस व्हॉल्व्ह बंद करून पंप-डाउन घेतला, म्हणजे कॉम्प्रेसर सक्शनचा दाब किती खाली ओढतो ते पाहिलं. दाब झटकन खाली गेला. मशीन थांबवल्यावर हाय साइडचा, म्हणजे डिस्चार्जकडचा, दाब मागे गळत नव्हता. म्हणजे रीड (व्हॉल्व्हच्या पट्ट्या) आणि पिस्टनच्या रिंग ठीक. मग उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. शून्य अंश सक्शन आणि ६५ अंश कंडेन्सिंग हा बिंदू तक्त्याच्या अगदी काठावर होता, पण सुपरहीटची (उकळून झाल्यावर गॅस आणखी जितके अंश तापतो त्याची) दुरुस्ती धरल्यावर वीज आणि क्षमता दोन्ही जवळपास जुळल्या. कॉम्प्रेसर त्याला सांगितलेलं काम इमानदारीने करत होता. त्याला दिलेलं कामच चुकीचं होतं.

इथे एक नेहमीची चूक सांगतो. आधीच्या तंत्रज्ञाच्या वहीत दाबाचं गुणोत्तर ९.४ लिहिलं होतं, आणि त्याच आकड्यावरून "एवढ्या रेशोला हा कॉम्प्रेसर टिकणारच नाही" असा निष्कर्ष काढला होता. त्याने गेजचे आकडे सरळ भागले होते, १७.९ भागिले १.९. गुणोत्तर नेहमी निरपेक्ष दाबांचं घ्यायचं. दोन्हीकडे वातावरणाचा एक बार मिळवला की ते ६.४५ येतं. सुरुवातीचं अशाच पद्धतीने ३.०६. ६.४५ चांगलं नाही, पण ९.४ ची भीतीही खरी नाही.

गुणोत्तर दुप्पट झालं की पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये काय होतं, ते जरा सावकाश पाहू. पिस्टन वर टोकाला गेला तरी हेडखाली थोडी जागा उरतेच. त्या जागेत अडकलेला दाबाखालचा गॅस पिस्टन खाली येताना आधी फुगतो. तो सक्शनच्या दाबापर्यंत उतरेपर्यंत सक्शन व्हॉल्व्ह उघडत नाही आणि तेवढी धाव वाया जाते. ही जागा ५ टक्के धरली, तर ३.०६ च्या गुणोत्तराला साधारण ९ टक्के धाव वाया जाते आणि ६.४५ ला २२ टक्के. गळती आणि सिलिंडरच्या भिंतींचा ताप धरून आपल्याकडे शेवटी धाव ७० टक्केच भरत होती.

पण मोठा फटका गॅसच्या घनतेचा. सुरुवातीला सक्शनच्या एका घनमीटरमध्ये २२.८ किलो गॅस येत होता, शेवटी १३.४. दोन्ही कारणं गुणली की वाहणारा गॅस निम्म्याहूनही कमी होतो. या कॉम्प्रेसरची मोटर याच सक्शन गॅसने थंड होते. वीज तेवढीच, थंड करणारा गॅस निम्मा, म्हणून मोटर तापते, गॅस आधीच तापून सिलिंडरमध्ये शिरतो आणि डिस्चार्ज आणखी वर जातो. काढून ठेवलेला पहिला कॉम्प्रेसर मी उघडून घेतला. व्हॉल्व्ह प्लेटवर जळक्या तेलाचा तपकिरी थर होता आणि डिस्चार्ज रीडला निळसर झाक आली होती. व्हॉल्व्ह खराब झाले होते हे खरं, पण ते या आजारानेच खराब झाले होते.

गॅस बदलण्याचा प्रश्न तिथेच संपला. आर-१३४एचं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर गॅस द्रव होऊच शकत नाही ते, १०१ अंश आहे, त्यामुळे ६५ अंशांना द्रव होणं त्याच्या आवाक्यातलं काम आहे. त्याचा तापमानवाढीचा निर्देशांक १४३० आहे (कार्बन डायऑक्साइडचा १) आणि मॉन्ट्रियल करारात किगालीत २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी व्हायचेत. पुढच्या मशीनला वेगळा गॅस घ्या, हे मी सांगितलंच. पण या आजारावर ते औषध नव्हतं.

माझी चूक

मग मी जे केलं ते कोणीही केलं असतं. इव्हॅपोरेटर कॉइलचा पुढचा भाग पानांच्या भुग्याने आणि तंतूंनी निम्मा बुजला होता. कॉइलवरून सेकंदाला ०.३९ किलो हवा जायला हवी, ती ०.१६ च जात होती. सक्शन खाली आहे, डिस्चार्ज वर आहे, कॉइलला हवा कमी आहे : धडा पहिला, पान पहिलं. कॉइल धुवून घेतली, डँपर (हवेची झडप) सरकवून हवा पुन्हा ०.३९ वर आणली आणि पुढची बॅच लावली.

शेपटाला मशीन पाहण्यासारखं झालं होतं. सक्शन शून्यावरून १० अंशांवर आलं. दाबाचं गुणोत्तर साडेचारवर. डिस्चार्ज पाइप १०९ वरून ९३ वर, एकदाही ट्रिप नाही. कूलिंगचा सीओपी, म्हणजे कॉम्प्रेसरने खाल्लेल्या एका युनिट विजेमागे कॉइलने उचललेली उष्णता, १.७ वरून २.५ वर. मालक खूश होते, मीही खूश होतो. अहवालाचा मसुदा लिहायला घेतला होता.

रात्रपाळीचा ऑपरेटर सकाळी म्हणाला, "साहेब, मशीन गार चाललं, पण बादली भरतच नाही."

खरंच होतं. तासाला ३.२ किलोवरून पाणी २.७ वर उतरलं होतं आणि वीज ५.७ वरून ६.४ किलोवॅटवर चढली होती. कॉम्प्रेसरची कामगिरी दीडपटीच्या आसपास सुधारली होती आणि विजेच्या एका युनिटमागे निघणारं पाणी एक चतुर्थांशाने घटलं होतं. पानं ठरल्यापेक्षा उशिरा निघाली.

ही गोष्ट पहिल्यांदा पटत नाही, म्हणून ती हवेच्या बाजूने पाहावी लागते. बॅचच्या सुरुवातीची परतीची हवा ४० अंशांची, तिचा दवबिंदू ३५. ती पाच अंश थंड केली की पाणी गळायला लागतं. शेपटाची हवा ५७ अंशांची, दवबिंदू १६.७. तिला चाळीस अंश थंड करा, एक थेंब मिळत नाही. थेंब त्यानंतर सुरू होतात. त्या चाळीस अंशांची उष्णता कॉम्प्रेसर उचलतो आणि चार हात पुढे कंडेन्सरवर त्याच हवेला परत देतो. या खोलीतलं सामान त्या खोलीत नेऊन पुन्हा आणून ठेवावं आणि मजुरी मात्र पूर्ण द्यावी, तसं.

कॉइलने उचललेल्या उष्णतेपैकी किती भाग खरोखर पाणी गाळण्यात गेला, त्याला मी ओला वाटा म्हणतो. सुरुवातीला तो ७० टक्के होता. बुजलेल्या कॉइलच्या काळात शेपटाला २३ टक्के. मी हवा वाढवल्यावर १२ टक्के. बुजलेल्या कॉइलवरून हवा संथ जात होती, त्यामुळे ती ११ अंशांपर्यंत थंड होत होती, दवबिंदूच्या बऱ्यापैकी खाली. मी वेग वाढवला, तर तीच हवा सरासरी २२ अंशांनाच बाहेर पडू लागली. कॉइलच्या पृष्ठभागाला घासून जाणाऱ्या हवेतून थोडं पाणी सुटत होतं, एवढंच. सक्शन वर आलं ते गरम कोरड्या हवेच्या ओझ्यामुळे, पाण्यामुळे नव्हे. आर्द्रता आणखी दोन-तीन टक्के उतरली असती, तर कॉइलचा पृष्ठभागच दवबिंदूच्या वर राहिला असता. ड्रेन कोरडा, आणि कॉम्प्रेसरचं गेज पाहून सगळे समाधानी!

म्हणजे घाण साचली होती तेच बरं होतं का? तसं मुळीच नाही. पण शेवटच्या टप्प्यात कॉइलवरून हवा कमी हवी, हे त्या घाणीने अपघाताने साधलं होतं.

हिशोब एका ओळीत मांडता येतो. एक किलोवॅट-तास म्हणजे ३६०० किलोज्यूल आणि एक किलो वाफ गाळायला साधारण २४५० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. भागाकार १.४७. म्हणून किलोवॅट-तासामागे किती किलो पाणी निघालं, ज्याला या धंद्यात एसएमईआर म्हणतात, ते म्हणजे सीओपी गुणिले ओला वाटा गुणिले १.४७. सुरुवातीला ४.१ गुणिले ०.७० गुणिले १.४७, म्हणजे ४.२ किलो. बुजलेल्या शेपटाला ०.५६. माझ्या "दुरुस्ती"नंतर ०.४२. कॉम्प्रेसरवाला माणूस पहिली संख्या पाहतो, वाळवणवाला माणूस दुसरी, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मी त्या दिवशी निव्वळ कॉम्प्रेसरवाला होतो.

तुलनेसाठी : साध्या हीटरने पाणी वाफाळायला त्याच १.४७ च्या जवळपासची सैद्धांतिक मर्यादा आहे आणि प्रत्यक्षात गरम हवा बाहेर सोडून देण्यात त्यातला बराच भाग जातो. तरीही ०.४२ हा आकडा पाहून हीट पंप लावलाच कशाला, असं कोणी विचारलं असतं, तर शेपटापुरतं माझ्याकडे उत्तर नव्हतं. अख्ख्या बॅचचं उत्तर होतं, कारण निम्म्याहून जास्त पाणी पहिल्या एक तृतीयांश वेळातच निघून जातं आणि तिथे हे मशीन राजा आहे. हे सगळे आकडे फक्त कॉम्प्रेसरच्या विजेवर काढले आहेत, हेही लक्षात ठेवा. पंखे १.८ किलोवॅट आणखी खातात, आणि तेही शेपटाला तेवढेच.

उष्णता जाणार कुठे

आता तो बंद व्हॉल्व्ह.

पानांना ५० अंशांच्या वरची हवा नको असताना शेपटाला परतीची हवा ५७ आणि ट्रेवर जाणारी ६० अंशांची का होती? बंदिस्त ड्रायरमध्ये वाफाळण्याची आणि गाळण्याची उष्णता आतल्या आत फिरते. पानांनी घेतली, कॉइलने परत मिळवली, कंडेन्सरने पुन्हा दिली. पण कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, पंख्यांनी खाल्लेली वीज, ही सगळी दर क्षणाला नवी उष्णता म्हणून आत येत असते. साडेसात किलोवॅट. ती भिंतींतून, फटींतून आणि ड्रेनच्या पाण्यासोबत जेवढी जाईल तेवढी जाते. उरलेल्या उष्णतेने आतलं तापमान चढतं.

सुरुवातीला हे जाणवत नाही. थंड, ओला माल तापवायचा असतो आणि फटींतून निसटणारी दमट हवा किलोमागे बरीच उष्णता घेऊन जाते. माल तापला, हवा कोरडी झाली, की ती दोन्ही दारं मिटतात. मग चेंबर एवढं तापतं की भिंतींतूनच ती साडेसात किलोवॅट बाहेर झिरपावी. थर्मोस्टॅट ५० वर ठेवल्याने काही होत नाही, कारण त्याच्या हातात फक्त कॉम्प्रेसर बंद करणं आहे, आणि तो बंद केला की पाणी काढणंही थांबतं. म्हणून ऑपरेटरांनी त्याची मर्यादा कधीतरी ६० वर नेऊन ठेवली होती. पानांचा रंग का फिका येतो, ही मालकांची वेगळी तक्रार होती, वेगळ्या फाइलमध्ये.

बाहेरचा छोटा कंडेन्सर याच कामासाठी असतो. चेंबर मर्यादेच्या वर गेलं की गरम गॅसचा काही भाग तिकडे वळवायचा आणि जादा उष्णता बाहेर फेकायची. तो व्हॉल्व्ह कोणी बंद केला, हे विचारल्यावर एक जुना ऑपरेटर सांगू लागला की दोन वर्षांपूर्वी कोणीतरी ऊर्जाबचतीची पाहणी करून गेलं होतं आणि "गरम हवा फुकट बाहेर जातेय" असा शेरा मारला होता. शेरा वाचला की कोणालाही पटेल असाच आहे. तापवायच्या मशीनमधून उष्णता बाहेर सोडायची, हे डोळ्यांना खुपतंच. पण ती फेकली नाही की कंडेन्सिंग दहा अंश वर चढतं, कॉम्प्रेसरचं काम वाढतं, तो आणखी वीज खातो आणि ती वीज पुन्हा उष्णता होऊन आतच राहते. बचतीच्या नावाने बंद केलेला व्हॉल्व्हच सगळ्यात जास्त वीज खात होता.

माझ्या पहिल्या दुरुस्तीनेही या आगीत तेलच ओतलं होतं. ५.७ ऐवजी ६.४ किलोवॅट, म्हणजे चेंबरमध्ये ०.७ किलोवॅट जादा.

प्रत्यक्षात काय बदललं

बाहेरचा कंडेन्सर साफ करून चालू केला आणि त्याच्या व्हॉल्व्हला चेंबरच्या ५० अंशांशी बांधलं. एवढ्यानेच कंडेन्सिंग ५५ वर आलं. लगेच दुसरी अडचण उभी राहिली. कंडेन्सिंग खाली आल्यावर कॉम्प्रेसरची क्षमता वाढली, शेपटाला कॉइलवरून हवा कमी ठेवली तर सक्शन शून्याच्या खाली जाऊन कॉइलवर बर्फ धरू लागला. हवा वाढवली तर ओला वाटा मरतो. पूर्ण वेगाचा कॉम्प्रेसर या दोन्हींच्या मध्ये मावतच नव्हता. तो सुरुवातीच्या २५ किलो पाण्यासाठी निवडलेला, शेपटाच्या तीन किलोंना तो अवजड.

म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण. सुरुवातीला ५० हर्ट्झ, शेपटाला ३० हर्ट्झ. त्याखाली जायचं नाही असं मी आग्रहाने लिहून दिलं, कारण या कॉम्प्रेसरचा तेलपंप शाफ्टवरच आहे. वेग फार उतरला की बेअरिंगला तेल पुरत नाही आणि सक्शन पाइपमध्ये गॅसचा वेग कमी होऊन तेल परतही येत नाही. उभ्या सक्शन पाइपचा व्यास त्यासाठी तपासला. नशिबाने तो बारीकच होता. पिस्टनऐवजी स्क्रोल प्रकारचा कॉम्प्रेसर घेतला असता तर हेडखालच्या जागेचा प्रश्न नसता, असं मालकांना कोणीतरी सांगितलं होतं. ते बरोबर आहे, पण स्क्रोलच्या दाबाचं गुणोत्तर घडणीतच ठरलेलं असतं, आणि इथे ते एका बॅचमध्ये तीनवरून साडेसहावर पळत होतं. त्यामुळे तिथेही दुखणं वेगळ्या रूपाने आलंच असतं. मुळात ते गुणोत्तर पळू न देणं महत्त्वाचं.

इव्हॅपोरेटरचा डँपर एका छोट्या मोटरला जोडला. परतीच्या हवेची आर्द्रता जसजशी उतरते, तसतशी कॉइलवरची हवा ०.३९ वरून ०.२० पर्यंत कमी होते आणि तेवढी बायपासकडे वळते.

सक्शन पाइपची गोष्ट किरकोळ वाटेल, पण सांगतो. तो इव्हॅपोरेटरपासून कॉम्प्रेसरपर्यंत चेंबरच्या गरम भिंतीला लागून उघडा जात होता. कॉइलच्या तोंडाशी सुपरहीट आठ अंश, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पंधरा. मधले सात अंश चेंबरमधलीच उष्णता चोरून आणलेले. त्यांनी पाणी गाळलं नाही, फक्त डिस्चार्ज तापवला. इन्सुलेशन चढवलं. एका दुपारचं काम, आणि आधीच्या दोन भेटींत कोणी पाहिलं नव्हतं.

शेपटाचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की असे दिसतात :

| शेपटाच्या टप्प्यात | मी आलो तेव्हा | फक्त हवा वाढवल्यावर | सगळं झाल्यावर |
|---|---|---|---|
| सक्शन (अंश) | ० | १० | ६.५ |
| कंडेन्सिंग (अंश) | ६५ | ६५ | ५५ |
| डिस्चार्ज पाइप (अंश) | १०९ | ९३ | ७९ |
| कॉम्प्रेसरची वीज (किलोवॅट) | ५.७ | ६.४ | ३.१ |
| कूलिंगचा सीओपी | १.७ | २.५ | ३.० |
| ओला वाटा (टक्के) | २३ | १२ | २२ |
| पाणी (किलो प्रति तास) | ३.२ | २.७ | ३.० |
| किलोवॅट-तासामागे पाणी (किलो) | ०.५६ | ०.४२ | ०.९७ |

मधला रकाना मी मुद्दाम ठेवला आहे. फक्त पहिल्या पाच ओळी दाखवल्या असत्या, तर तो यशाचा रकाना वाटला असता.

शेवटच्या रकान्यातलं पाणी पहिल्यापेक्षा किंचित कमी आहे, यावर मालकांनी बोट ठेवलं. पण पहिल्या रकान्यातले ३.२ किलो मशीन चालू असतानाचे. दर तासाला ते एकदोनदा ट्रिप होऊन थंड व्हायला थांबायचं, तो वेळ त्यात नाही. घड्याळाने मोजला तर शेवटचा टप्पा सात तासांवरून साडेपाचावर आला, आणि विजेची बचत निराळी. पानांचा रंग टिकू लागला, म्हणून ती दुसरी फाइलही बंद झाली.

ओला वाटा २२ टक्क्यांवरच अडला आहे, हे मात्र खरं. आहे त्या रचनेत तो फार वर जाणार नाही. त्यावर एक जुना उपाय आहे : इव्हॅपोरेटरच्या आधी आणि नंतर हवेतून हवेत उष्णता देणारी पत्र्याची जाळी बसवायची. कॉइलमधून बाहेर पडणारी थंड हवा आत येणाऱ्या गरम हवेला आधीच गार करते, मग त्या फुकटच्या चाळीस अंशांपैकी बराच भाग कॉम्प्रेसरच्या वाट्याला येत नाही. आम्ही मापं घेतली. डक्टमध्ये जागा नव्हती, आणि जागा करायची तर सगळं डक्टकाम पाडावं लागलं असतं. नव्या मशीनच्या नकाशात ती आधीपासून ठेवा, एवढंच लिहून दिलं.

दुसरा वाद अजून मिटलेला नाही. शेवटच्या तासा-दोन तासांत, जेव्हा ड्रेन तासाला दोन किलोच्याही खाली जातो, तेव्हा कॉम्प्रेसर बंद करून थोडी हवा बाहेर सोडावी आणि बाहेरची आत घ्यावी, असं माझं मत आहे. तेवढं पाणी काढायला थोडीच हवा बदलावी लागते आणि तापलेल्या चेंबरमध्ये तेवढी उष्णता साठलेली असते. मालक म्हणतात, बाहेरची हवा दमट असेल त्या दिवशी काय? त्या दिवशी ते चालणार नाही, हेही खरं. तूर्तास ऑपरेटर बाहेरची आर्द्रता पाहून ठरवतो, आणि त्याचा अंदाज माझ्या सूत्रापेक्षा फारसा चुकत नाही.

ड्रेनखाली आता बादलीऐवजी वजनकाटा आहे. तासाचं पाणी आणि तासाची वीज एकाच कागदावर लिहिली जाते, अँपिअरचा रकाना काढून टाकला आहे. पहिल्या कॉम्प्रेसरची व्हॉल्व्ह प्लेट बदलली, तेल बदललं आणि तो बाकावर चालवून पाहिला. तक्त्याबरहुकूम चालला. सध्या तो कपाटात स्पेअर म्हणून ठेवलेला आहे.